अकरा कप, बारा बश्या

६ जानेवारी, सोमवार

चहा उतू गेला. शेगडीवर, ओट्यावर, खाली फरशीवर, सगळीकडे. मी तिथेच उभी होते, पण डोळे मोबाइलात. "अवं मास्तरीनबाई, गॅस तं बंद करा!" म्हणत वामनराव पेपर टाकून धावले. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी निवृत्त झाले, तरी नवऱ्यासाठी मी मास्तरीणबाईच. पाठाचं टाचण काढायची सवय सुटत नाही, म्हणून ही वही.

मोबाइलवर अकोल्याच्या गोपालशेठची यादी आली होती. हा माणूस जुन्या घरांमधलं सामान उचलतो आणि लिलाव करतो. पुस्तकंवाले, नकाशेवाले, नाणीवाले आणि माझ्यासारखे चिनी मातीवाले, सगळे त्याच्या यादीची वाट बघत असतात. माझ्याकडे बरण्या आहेत, किटल्या आहेत, कपबश्या तर विचारूच नका. "आमच्या घरी मानसं दोन अन् कप एकशे चाळीस," असं हे येईल त्या पाहुण्याला सांगतात.

यादीवर लिहिलं होतं, 'अमरावती कॅम्पातील वकीलसाहेबांच्या बंगल्यातील सामान'. खाली अंगठ्यानं सरकवत गेले. कायद्याची पुस्तकं, वऱ्हाडचा कापडावरचा नकाशा, शिसवी कपाट. आणि सदतीस नंबरला: 'विलायती चहाचा सेट, निळी वेल, सोनेरी काठ. अकरा कप, बारा बश्या.'

अकराच कप का, ते त्या गोपालशेठला काय माहीत! बारावा कप माझा होता.

लिहूनच ठेवते. आम्ही वलगावचे, फुलं आणि भाजी पिकवणारे. बाप पहाटे शेवंती तोडायचा, आई वेण्या करायची, आणि पंजाबदादा मला सायकलच्या दांड्यावर बसवून वकीलसाहेबांच्या बंगल्यावर देवाची फुलं पोचवायला न्यायचा. तो तेराचा, मी आठची. त्या वर्षी महालक्ष्म्यांना बंगला पाहुण्यांनी भरला होता. धाकट्या सूनबाईंनी मला आत बोलावलं आणि निळ्या वेलीच्या कपात चहा दिला. दोन घोट घेते न घेते तोच मोठ्या बाई आल्या. आधी कप पाहिला, मग मला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे. हा कप आता हिचाच."

दुसऱ्या दिवसापासून तो कप मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात माझ्यासाठी वेगळा ठेवलेला असायचा. बशी नव्हती, पण बशीचं आठ वर्षांच्या पोरीला काय करायचं? लीलाबाई नावाच्या कामवाल्या बाई वरून चहा ओतायच्या. पिऊन झाला की मीच धुवून ठेवायची. इतकं नाजूक विलायती सामान, पण धुवायला माझ्या हाती द्यायला बाई कधी कचरल्या नाहीत. असं सात वर्षं चाललं. शाळेत मी पोरींना सांगायची, बंगल्यात माझा स्वतःचा कप आहे म्हणून. पोरी जळायच्या.

दादा मात्र फाटकाशी सायकल धरून उभा राहायचा. चहा विचारला की, "मले नाई चालत." भारी लाजाळू होता. आता दिवसाला आठ कप ढोसतो.

तो सेट मला पाहिजे. बाकी एकशे चाळीस गेले तरी चालतील.

१२ जानेवारी, रविवार

वलगावला गेले होते, दादाकडे. लिलावात मी कच्ची आहे. वस्तू आवडली की माझं तोंडच सांगतं, आणि समोरचा भाव चढवतो. मागच्या वेळी एका बरणीपायी नागपूरच्या हॉटेलवाल्यानं मला रडवलं होतं. दादा चाळीस वर्षं बाजार समितीत हर्राशीला उभा राहतो. हर्रास म्हणजे आमच्याकडचा भाजी-फुलांचा लिलाव. त्यात त्याला हरवणारा अजून जन्मायचा आहे. त्याचे नियम मला पाठ आहेत. मालाकडे एकदाच पाहायचं. घ्यायचा असेल तर मोठ्यानं नावं ठेवायची, सडका आहे म्हणायचं, आपल्याच माणसाला चारचौघांत "नको, नको" म्हणत मागं ओढायचं, आणि शेवटी हात वर करायचा.

दादा शेवंतीच्या वाफ्यात पाणी सोडत होता. मी सगळं सांगितलं. तो फावड्यावर हात ठेवून ऐकत राहिला.

"कोन्त्या बंगल्यातला?"

"अरे वकीलसाहेबांच्या! तो माझा कप नव्हता का..."

"मी नाई येत."

"काहून?"

"त्या बंगल्यातलं काई घरात आनू नको, कौसू. बाजारात का कप भेटत नाईत? कायले त्या जुन्यापान्याच्या मांगं लागून राहिली?"

मला असा राग आला की काय सांगू. म्हटलं, "तुझ्या खिशातून नाही मागत. तू आधीपासूनच असा. मला कोणी चांगलं वागवलं की तुझ्या पोटात दुखतं." हे बोलायला नको होतं. तो पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला गेला.

त्याची सून पौर्णिमा बस येईपर्यंत माझ्यासोबत रस्त्यावर उभी होती. म्हणाली, "आत्याबाई, मामाजी असे कोनावर गप होत नाईत. आमच्यावर तं बोंबलतात." मामाजी म्हणजे तिचा सासरा, आमचा दादा. म्हातारा झालाय, दुसरं काय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळीच दादाचा फोन. तिळगूळ घे नाही, गोड बोल नाही, एकदम म्हणाला, "येतो मी लिलावाले. पन तू गप बसायचं. तोंडातून चकार शबुद नाई काढायचा." आणि ठेवला.

मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ का.

१८ जानेवारी, शनिवार

अकोल्याला जाऊन सामान पाहून आलो, मी आणि हे. स्टेशनापलीकडे कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये मांडलं होतं. वर पत्रा, भिंतींच्या कोपऱ्यांत अजून कापसाचं फोतर चिकटलेलं. एवढा मोठा बंगला, आणि सगळा संसार चाळीसेक टेबलांवर मावला. देवघराचा पाट होता, बाईंचा पानाचा डबा होता. त्यांच्या घराचा वासही आला, कापूर आणि जुन्या कागदांचा. मी पदर नाकाला लावून उभी राहिले, धुळीचं निमित्त करून.

हे नकाशापाशी अडकले. इंग्रजांच्या काळातला वऱ्हाडचा नकाशा, कापडावर चिकटवलेला, घडीवर घडी. एक चष्मेवाला भिंगातून नद्या बघत होता. यांनी त्याचं भिंग मागून घेतलं आणि दहा मिनिटांनी ओरडले, "अवं, वलगाव सापडलं!" सगळी शेड आमच्याकडे पाहायला लागली.

मग मी सदतीस नंबरला गेले. निळी वेल अगदी आठवली तशीच, एका फुलाला पाच पाकळ्या, एका पानाला डाग. प्रत्येक कपाला टिचकी मारली. तडा असला की कप बद्द वाजतो. हे अकराही घंटीसारखे वाजले. उजेडाला धरला तर पलीकडून बोटांची सावली दिसली. साठ वर्षांत एकही टवका नाही. कसं जपलं असेल!

गोपालशेठला विचारलं, बारावा कप कुठे गेला असेल? तो म्हणाला, "तिथल्या लीलाबाईले माहीत अशीन. नातवानं घर खाली करताना तिले बोलावलंतं. पातूरले पोरीकडे राहते."

लीलाबाई जिवंत आहेत! त्यांना घरातल्या चारदोन वस्तू दिल्याही असतील. माझा कप त्यांच्याकडेच असला तर? बारा पुरे होतील. सोमवारी पातूर.

२० जानेवारी, सोमवार

पातूरला जाऊन आले.

लीलाबाई ऐंशीच्या पुढे आहेत. अंगणात उन्हात तूर पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तर सूप खाली ठेवून माझे दोन्ही गाल धरले. "फुलवाली कौसू! माय वं, केवढी मास्तरीन झाली!" पोरीला हाका मारल्या, चहा टाक, पोहे टाक. मला भरून आलं. इतक्या वर्षांनी त्या सकाळींचं कोणीतरी भेटलं होतं.

मग मी कपाचं विचारलं.

"तो कोनाड्यातला? तो तं तू याचं बंद केल्यावर मी राखुंडीले घेतला. भांडे घासाची राख ठेवो त्याच्यात. मंग फुटला कवातरी."

मी म्हटलं, अहो पण तो माझा कप होता, बाईंनी मला दिलेला.

लीलाबाई हसल्या. वाईट नाही हसल्या, मायेनंच हसल्या. तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "देल्ला कायचा, बाई! धाकटीनं येडेपना केला, पाहुन्याच्या कपात तुले चहा देऊन बसली. मोठ्या बाईनं तो कप सेटात परत घेऊ देल्ला नाई. फेक म्हने उकिरड्यावर. मीच म्हटलं, फेकता कायले, पोरीले रोज पेयाले होईन. कोनाड्यात मीच ठेवला. मले तं तोबी नव्हता, मी जर्मनच्या गिलासात पेत जाय." आणि वर म्हणाल्या, "तू बाहेर सायकलीपाशी गेल्यावर तुह्या भावानं तमाशा केलता त्या दिवशी. दारातूनच त्यानं सारं आयकलं. म्हने, फुलं देतो आमी, भीक नाई मागत. बाईनं त्याले फाटकाच्या आत येऊ नको म्हटलं. मंग तो कधी आत आलाच नाई."

मी पोहे खाल्ले. खाल्ले, कारण त्यांनी प्रेमानं केले होते.

२१ जानेवारी, मंगळवार

काही सुचत नाही. मोठ्या बाईंचा राग येतो, पण त्याहून जास्त माझाच येतो. शाळेत पोरींना ऐट दाखवायची! सात वर्षं! स्वतःचा कप स्वतः धुवायची आणि त्याला विश्वास म्हणायची. बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण ही साधी गोष्ट चौसष्टाव्या वर्षापर्यंत मला कळली नाही.

आणि दादा. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सायकलच्या दांड्यावर मी बडबडत यायची, आज माझ्या कपात मलई होती, आज बाईंनी साखर जास्त टाकली. तो मागं पायडल मारत "हाव, हाव" म्हणायचा. छप्पन वर्षं माझा आनंद सांभाळत बसला मेला. आणि मी त्याला म्हटलं, तुझ्या पोटात दुखतं.

सेट नको. फोन करून दादाला सांगायला पाहिजे. पण का नको म्हणून विचारलं तर काय सांगू? मला कळलं हे त्याला कळलं, तर त्याच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. फोन उचलला, ठेवला. तीनदा.

२५ जानेवारी, शनिवार

आता मी हसावं की रडावं, ते या वहीलाच विचारते.

ठरवलं असं की शेडमध्ये जायचं, दादाला भेटायचं आणि कानात सांगायचं, मन बदललं माझं, चल घरी. पण तो माझ्याआधीच येऊन बसला होता. पांढरं धोतर, नवी टोपी, पायात कडक वहाणा, लग्नाला आल्यासारखा. जागाही हर्राशीवाल्याची, अगदी मागची कडेची खुर्ची, जिथून सगळ्यांचे हात दिसतात. म्हणाला, "पाहून आलो. एकदाच पायलं."

मी म्हटलं, "दादा, मला नको तो सेट."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या नागपूरच्या हॉटेलवाल्यानं मान वळवली. दादाच्या डोळ्यांत चमक आली. मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी आपली बोलतच सुटले. "खरंच नको. तडकलेला आहे. मी पाहिलाय ना, टिचकी मारली तर बद्द वाजतो. चल उठ, घरी जाऊ." त्याचा दंड धरून ओढलासुद्धा.

"हाव, हाव," दादा मोठ्यानं म्हणाला, "सडकाच माल हाय." आणि हळूच माझ्या कानाशी, "वा वं कौसू! शिकली तू."

अरे देवा! चाळीस वर्षं त्यानंच शिकवलेलं मी त्याच्या तोंडावर म्हणून दाखवत होते. जितकं नको म्हणावं तितका तो खूश. खरं सांगायला तोंड उघडलं, पण खरं म्हणजे काय सांगणार होते? त्या दोनशे माणसांत?

सदतीस नंबर आला. पाच हजारांपासून सुरू झाला. हॉटेलवाला, एक मुंबईचा फोनवरून, आणि आमचा दादा. घाई नाही, गडबड नाही, दोन बोटं वर करायची आणि खाली. अकरा हजार. चौदा. फोनवाला गळाला. हॉटेलवाल्यानं सतरा म्हटलं तेव्हा मी दादाचा हात दोन्ही हातांनी धरून खाली दाबला.

त्यानं झटकला. इतक्या जोरात की माझी बांगडी वाढली. "सोड," म्हणाला, "आज घेतोच." त्याचा चेहरा मी हर्राशीत कितीदा पाहिलाय, पण असा कधी पाहिला नव्हता. तो उभा राहिला आणि एकदम "पंचवीस!" म्हणाला. हॉटेलवाल्यानं हात जोडले.

पैसे त्यानंच दिले, माझे घेईना. "राहू दे. भाऊबीज समज." येताना बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसला. मूर्तिजापूर येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता घरात ठेव. तुह्या बाईच्या कपबश्या."

मी म्हटलं, "हो रे दादा. किती चांगल्या होत्या बाई."

"हाव," दादा म्हणाला.

२ फेब्रुवारी, रविवार

दादाचा हट्ट की सेट एकदा वलगावला आण, भावकीला दाखवू. गेलो. ओसरीत टेबल टाकलं होतं, त्यावर पांढरी चादर. त्याचा मुलगा नितेश, सून पौर्णिमा, दोन चुलत भाऊ, शेजारपाजारचे चारसहा जण. पौर्णिमानं त्याच कपांत चहा आणला. बश्यांसकट.

"सांग आता," दादा म्हणाला, "तुले तो कप कसा भेटला ते." सगळ्यांकडे बघून, "माह्या बहिणीचा बंगल्यात सोताचा कप होता, मालूम हाय का?"

मी सांगितलं. महालक्ष्म्या, पाहुणे, धाकट्या सूनबाई, सगळं. पहिल्यासारखंच सांगितलं, थोडं गोड करूनच. दादा मान हलवत होता, जिथे मी चुकले तिथे भर घालत होता. आम्ही दोघं मिळून इतकं सुंदर खोटं बोलत होतो की चुलतभाऊ म्हणाला, आता अशी मानसं नाई राहिली.

पौर्णिमा किटली घेऊन उभी होती. सहज म्हणाली, "मंग मामाजी, तुमाले काहून नाई देल्ला?"

दादा हसायला गेला. "मी... सायकल राखत होतो मी." अडुसष्ट, एकोणसत्तर वर्षांचा माणूस, सगळी भावकी समोर, आणि तोंड तेरा वर्षांच्या पोरासारखं. मला ते पाहवलं नाही. भावकीला काय वाटेल, खड्ड्यात गेलं सगळं.

"त्याला नव्हता दिला," मी म्हटलं, "आणि मलाही नव्हता दिला. माझं तोंड लागलं म्हणून तो कप बाहेर टाकला होता. फेकण्याऐवजी मला वापरायला ठेवला. आणि दादा त्यासाठी भांडला म्हणून त्याला फाटकाबाहेर ठेवला."

दादानं कप खाली ठेवला.

"तुले कवापासून माहीत?"

"लिलावाच्या आधीच्या सोमवारपासून. पातूरला लीलाबाईंकडे गेले होते."

दादानं मनातल्या मनात वार मोजले. मग त्याचा आवाज चढला. "मंग पंचवीस हजार कायले घालू देल्ले मले?"

"मी नको म्हणत होते की! बोंबलून सांगत होते, तडकलेला आहे म्हणून! हात धरला तुझा!"

"ते मले वाटलं, तू हर्राशीतलं बोलून राहिली!"

"ते मला कळलं रे! पण त्या दोनशे माणसांत खरं काय सांगू?"

आधी नितेश फुटला, मग पौर्णिमा. मग दादा असा हसत सुटला की त्याची टोपी पडली. मीही हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. दादानं शेल्याचं टोक माझ्यापुढे धरलं, आणि दुसऱ्या टोकानं स्वतःचे डोळे पुसले. "सात वर्सं रोज वाटे तुले सांगाव," म्हणाला, "पन तू इतकी खूश राहे. मंग म्हटलं, राहू दे."

"दादा, मी तुला पोटात दुखतं म्हटलं होतं."

"दुखतच होतं."

मग मी म्हटलं, त्या हॉटेलवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. विकून टाकू का?

दादानं कप उचलला. ओसरीच्या उजेडाला धरला, फिरवून पाहिला, तळ पाहिला, काठावरून अंगठा फिरवला. गोबीचा गड्डा पाहतो तसा.

"इकाचा कायले?" म्हणाला. "माल चांगला हाय. मालाचा काय दोष?" आणि पौर्णिमावर ओरडला, "अवं, चहा थंडा झाला, गरम करून आन!"